टाइमशेअरचा आठवडा भाड्याने द्यायचाय? मग आधी हे वाचा

नाशकात अशी बरीच घरं आहेत जिथं कपाटात हॉलिडे क्लबची एक जाडजूड फाइल पडून असते. कधीतरी हॉटेलात "लकी ड्रॉ लागलाय, जोडीने या, गिफ्ट घेऊन जा" म्हणून बोलावलेलं, दोन तास बसवून ठेवलेलं आणि शेवटी २५ वर्षांची टाइमशेअर मेंबरशिप, म्हणजे दर वर्षी रिसॉर्टमध्ये एक आठवडा राहायचा हक्क, गळ्यात मारलेली. हप्ते कधीच फिटले, आता मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, आपले गुडघे घाट चढायला तयार नाहीत, आणि मेंटेनन्सचं बिल मात्र दर वर्षी न चुकता येतं. मग कुणीतरी म्हणतं की अहो देऊन टाका ना भाड्याने, निदान मेंटेनन्स तरी निघेल. निघतो, पण नीट केलं तर. मी घरातल्या आणि ओळखीतल्या लोकांचे आठवडे देत आलोय, त्यातून जे कळलं ते पहिल्यापासून सांगतो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. हे फ्लॅट भाड्याने देण्यासारखं अजिबात नाही. फ्लॅटची चावी तुमच्या हातात असते, इथं चावी रिसॉर्टच्या रिसेप्शनवर असते आणि रूमवर हुकूम चालतो मॅनेजरचा. तुमच्या हातात फक्त एकच गोष्ट, बुकिंगच्या व्हाउचरवर कुणाचं नाव टाकायचं ती. ते नाव एकदा टाकलं की तुमचा जोर संपला, म्हणून पैसे, अटी, ओळखपत्र, जे काय करायचं ते सगळं नाव टाकायच्या आधी.

पहिलं काम : फाइल उघडा

कंटाळवाणं आहे पण सुटका नाही. तुमच्याकडे नक्की काय आहे ते बघा. फिक्स्ड वीक म्हणजे दर वर्षी त्याच रिसॉर्टमध्ये तोच ठरलेला आठवडा, फ्लोटिंग म्हणजे सीझन ठरलेला पण तारखा तुम्ही मागायच्या, आणि पॉइंट्स असतील तर त्यातून रात्री विकत घेतल्यासारखं. सीझनला रंग असतात. क्लब महिंद्रामध्ये जांभळा सगळ्यात वरचा, मग लाल, पांढरा, निळा. वरच्या रंगवाल्याला खालच्या सीझनमध्ये जाता येतं, निळावाल्याने ख्रिसमसची स्वप्नं बघू नयेत.

आता खरा प्रश्न, भाड्याने देता येतो का? बऱ्याच क्लबांच्या करारात स्पष्ट असतं की नातेवाईक-मित्रांना पाठवा, पण पैसे घेऊन धंदा करू नका. काही ठिकाणी गेस्ट पाठवायला वेगळी फी असते, काही ठिकाणी फक्त नाव कळवलं की झालं. 'कमर्शियल', 'रेंटल', 'गेस्ट', 'ट्रान्सफर' हे शब्द करारात शोधून काढा आणि मग कस्टमर केअरला ईमेल करून विचारा, फोनवर नाही, कारण फोनवरचा माणूस "हो सर चालेल ना" म्हणतो आणि पुढच्या वेळी दुसराच माणूस असतो. उत्तर 'नाही' असं आलं तर नाहीच. मग तो आठवडा पुढच्या वर्षीसाठी साठवता येतो का बघा किंवा भाचीला लग्नाची भेट द्या, पण "रिसेप्शनवर मी त्यांचा मावसभाऊ आहे असं सांगा" हा प्रकार करू नका. भाडेकरूला खोटं बोलायला लावलं की उद्या तोच तुम्हाला त्याच खोट्यावरून धरतो, आणि क्लबने पकडलं तर बुकिंग रद्द आणि मेंबरशिपही अडचणीत.

एक्स्चेंजचा आठवडा वेगळा. आरसीआय (१९७४ पासूनची कंपनी आहे, आपल्याकडचे बरेच क्लब तिला जोडलेले आहेत) मार्फत तुम्ही आपला आठवडा देऊन दुसरीकडचा घेतला असेल तर तो गेस्ट सर्टिफिकेट घेऊन मित्राला देता येतो पण भाड्याने देता येत नाही, त्यांचा नियमच आहे. म्हणजे भाड्याने द्यायचा तो स्वतःच्या मालकीचा आठवडा, बदलून मिळालेला नाही.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत आणि तिकडे फ्लोरिडात वगैरे डीडेड वीक (कागदोपत्री स्वतःच्या मालकीचा आठवडा) घेऊन बसलीत, त्यांच्यासाठी तिकडचे नियम बरेच सैल असतात, स्वतःचा आठवडा भाड्याने देणं तिथं अगदी रोजचं आहे आणि त्यासाठी रेडवीकसारख्या साइट्सही आहेत. पण एक्स्चेंजची बंदी तिकडेही तशीच, आणि टॅक्स तिकडचा.

तारखा आणि भाव

फ्लोटिंगवाल्यांनी आधी गिऱ्हाईक शोधून मग बुकिंग करायला जाऊ नये, तारखा मिळतच नाहीत. मे महिना, दिवाळीची सुट्टी, ख्रिसमस, २६ जानेवारी-१५ ऑगस्टला जोडून येणारा वीकएंड, हे बुकिंग जितक्या आधी खुलं होईल तितक्या आधी बुक करून ठेवायचं आणि मग माणूस शोधायचा. आपल्याकडून लोक कुठं जातात ते डोक्यात ठेवा. पावसाळ्यात दिंडोरी-वणी मार्गे हातगड-सापुतारा, हिवाळ्यात गोवा, मे मध्ये महाबळेश्वर. दिवाळीनंतरचे चार-पाच दिवस सापुताऱ्याला गुजरातची एवढी गर्दी लोटते की तेव्हाचा आठवडा हातात असेल तर घासाघीस करायची गरजच नाही. आणि हातगड महाराष्ट्रात, जरा पुढे गेलं की सापुतारा गुजरातेत, तिथं दारूबंदी, हे भाडेकरूला आधी सांगितलेलं बरं, नाहीतर चेकपोस्टवरून तुम्हालाच फोन येतो.

ज्यांचा आठवडा त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यात आहे त्यांच्यासाठी सिंहस्थ मोठी संधी आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, अमृतस्नानं २ ऑगस्ट २०२७ आणि ३१ ऑगस्ट २०२७ ला, तिसरं नाशकात ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकला १२ सप्टेंबरला. पण २०१५ च्या पर्वणीला खासगी गाड्या शहराच्या बाहेरच थांबवल्या होत्या आणि पुढे एसटी, हे नाशिककरांना आठवतंय, बाहेरच्याला माहीत नाही. तो समजतो रूमपासून रामकुंडापर्यंत गाडी घेऊन जाऊ. हे आधी लिहून कळवलं नाही तर चार तास अडकलेला माणूस पैसे परत मागतो, आणि त्याचं फार चुकतं असंही नाही.

भाव काढायला हिशोब सोपा. समजा मेंटेनन्स १८,००० आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले २१,२४०, सात रात्रींनी भागा, रात्रीचे ३,०३४. हा तुमचा तळ. मेंबरशिप घेताना भरलेले लाख यात धरायचे नाहीत, ते गेले, ते वसूल करायला निघालात तर एकही रात्र जाणार नाही. मग त्याच तारखांना त्याच रिसॉर्टचा बुकिंग साइटवरचा भाव बघा, सगळे टॅक्स धरून, आणि नाश्ता आहे का तेही. त्यापेक्षा निदान तीस टक्के खाली राहा, कारण साइटवरून घेतलं तर माणसाला रद्द करता येतं, कस्टमर केअर असतं, आणि तुम्ही त्याच्यासाठी एक अनोळखी काका आहात. तळ आणि हा भाव यात अंतरच उरत नसेल तर तो आठवडा भाड्याला लायक नाही, घरच्यांना घेऊन जाऊन या.

माणूस कसा निवडायचा

सगळ्यात चांगला भाडेकरू ओळखीच्या ओळखीतला. सोसायटीचा ग्रुप, ऑफिसातले लोक, अंबड-सातपूरच्या कंपन्यांमधले, शाळेच्या बॅचचा ग्रुप. तिथं माणूस तोंड लपवू शकत नाही, आणि जाहिरात उघड्यावर टाकायचीही वेळ येत नाही. अनोळख्याला देणार असाल तर आधी फोनवर बोला, नुसत्या मेसेजवर नको. दोन मिनिटांत कळतं. किती जण, कोण कोण, कशासाठी जाताय, एवढं साधं विचारायचं. "फॅमिली आहे" म्हणणारा आणि मागून चार मित्र "अबे बजेट विचार" म्हणतायत, तर समजून जा. बॅचलर ग्रुपला देऊच नका असं मी म्हणत नाही, चांगली पोरं असतात, पण तिथं डिपॉझिट जास्त घ्यायचं आणि रात्री दहानंतरचे नियम लिहून द्यायचे.

सरकारी ओळखपत्र मागा, आधार असेल तर मास्क्ड आधार पुरतं, शेवटचे चार आकडे दिसतात. पासपोर्टवाला परदेशी पाहुणा असेल तर रिसॉर्टला आधी कळवा, त्यांना फॉर्म सी (परदेशी पाहुण्याची सरकारला द्यायची माहिती) भरावा लागतो.

आणि फसवणुकीचे दोन-तीन नमुने तोंडपाठ करून ठेवा. "मी आर्मीमधून बोलतोय, मी क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" हा सगळ्यात जुना. पैसे घ्यायला स्कॅन लागत नाही आणि पिन तर अजिबात लागत नाही, पिन मागितला की फोन ठेवा. दुसरा, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, आणि लगेच "चुकून पाच हजार जास्त गेले, परत करा ना काका". स्क्रीनशॉट बघू नका, बँकेचं ॲप उघडून बॅलन्स बघा. तिसरा भाडेकरू नसतोच, कंपनी असते : तुमचा आठवडा आम्ही भाड्याने लावतो, मेंबरशिप विकून देतो, पार्टी तयार आहे, फक्त रजिस्ट्रेशनचे एवढे भरा. आमच्या कॉलनीतल्या एका काकांनी असे भरले, मग "एनओसीचे" भरले, मग "जीएसटीचे" भरले, पार्टी आजतागायत आलेली नाही. खरा दलाल व्यवहार झाल्यावर कमिशन घेतो. आधी पैसे मागणारा कुणीही असो, नाही म्हणायचं. गेलेच पैसे तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

एक मेसेज, ज्यावर सगळं उभं आहे

स्टॅम्प पेपर वगैरेच्या भानगडीत तीन रात्रींसाठी कुणी पडत नाही. पण व्हॉट्सॲपवर एक मेसेज नीट लिहून पाठवायचा आणि समोरच्याकडून "मान्य आहे" असं उत्तर घ्यायचं, नुसता अंगठा नको. मी साधारण असं लिहितो :

"नमस्कार ताई. महाबळेश्वर, शुक्रवार दुपारी २ ते सोमवार सकाळी १०, तीन रात्री. रूम चार जणांची आहे, लहान मुलं धरून, जास्त माणसं आली तर रिसॉर्ट आत घेत नाही किंवा वेगळे पैसे घेतं, ते तुमच्याकडे. भाडं १२,०००, डिपॉझिट ३,०००. जेवण, नाश्ता, लाँड्री, ॲक्टिव्हिटी यात नाही, तिथंच भरायचं. अर्धे पैसे आज, बाकीचे आणि डिपॉझिट चेक-इनच्या १५ दिवस आधी, ते आले की तुमचं नाव व्हाउचरवर टाकतो. १५ दिवसांच्या आधी रद्द केलं तर १,००० कापून परत. त्यानंतर रद्द केलं तर रूम दुसऱ्याला गेली तरच परत. डिपॉझिट चेक-आउटनंतर रिसॉर्टशी बोलून तीन दिवसांत परत. रूममध्ये काही तुटलं, बिल बाकी राहिलं तर त्यातून वजा. रूम पुढे दुसऱ्याला देता येणार नाही. मान्य असेल तर 'मान्य आहे' लिहा."

वेळा आणि माणसांची संख्या तुमच्या व्हाउचरवरून उतरवा, दर रिसॉर्टला वेगळं असतं. कापायची रक्कम अव्वाच्या सव्वा ठेवू नका. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ठरलेल्या रकमेच्या आत, वाजवी तेवढीच भरपाई मिळते, बारा हजारांवर बाराच्या बारा हजार गिळायचे म्हटले तर उद्या भांडणात तुमचीच बाजू लंगडी. आणि हे चॅट डिलीट करू नका, फोन बदलला तरी बॅकअप ठेवा, पुढे वेळ आलीच तर हाच पुरावा.

चेक-इनच्या आधीचा आठवडा

दोन फोन करायचे. एक रिसॉर्टला, की अमुक नावाने बुकिंग आहे, गेस्टचं नाव तुमच्याकडे दिसतंय ना, आणि स्विमिंग पूल-लिफ्ट-किचन काही बंद आहे का. पूल बंद असेल तर त्याच दिवशी भाडेकरूला सांगा, तिथं जाऊन कळलं की पोरं रडतात आणि आईबाप तुमच्यावर चिडतात. दुसरा भाडेकरूला, ओरिजिनल ओळखपत्र सोबत घ्या, व्हाउचर प्रिंट काढा, घाटात रेंज नसते. तुमचा मेंबर लॉगिन किंवा ओटीपी मात्र कुणालाही, अगदी साडूच्या भावालाही, द्यायचा नाही. लॉगिन दिलं की पुढचे आठवडेही त्याच्या हातात गेले.

आणि मग भानगडी

सगळ्यात जास्त वेळा येणारा फोन हा. रात्री साडेनऊ, रिसेप्शन : "सर, तुमच्या गेस्टचं बुकिंग चार जणांचं आहे, इथं सात आलेत, ते म्हणतायत सरांशी बोलणं झालंय." लगेच मागून भाडेकरूचा आवाज, "दादा सांगा ना त्यांना, लहान मुलंच आहेत, ॲडजस्ट करतो आम्ही." इथं दादाने विरघळायचं नाही. शांतपणे एवढंच म्हणायचं की माझ्याकडून चार जणांनाच परवानगी आहे, जास्तीच्या लोकांसाठी तुमच्याकडे एक्स्ट्रा बेड किंवा दुसरी रूम असेल तर त्यांच्याकडून पैसे घेऊन द्या, माझ्या मेंबरशिपवर काही टाकू नका. मग भाडेकरूला तोच मेसेज परत फॉरवर्ड. ओरडायचं नाही, कारण मुलं झोपायला आलीत आणि तो माणूस बायकोसमोर अपमान झाला म्हणून वाढवत नेतो. दहातल्या नऊ वेळा दुसरी रूम घेतली जाते.

दुसरं दुखणं, जेवणाचं बिल. काही लोक शेवटच्या दिवशी बिल न भरता "रूम ज्यांच्या नावावर आहे त्यांना विचारा" म्हणून निघतात, आणि अनेक क्लबांच्या नियमात गेस्टच्या बाकीची जबाबदारी मेंबरवरच येते. उपाय आधीच करायचा, रिसेप्शनला सांगून ठेवा की या रूमला क्रेडिट देऊ नका, जिथल्या तिथं पैसे. आणि चेक-आउटच्या दिवशी अकराच्या सुमारास फोन करून "काही बाकी?" विचारा, डिपॉझिट त्यानंतरच परत करा. परत मात्र करा, वेळेत करा. डिपॉझिट रखडवणारा मालक ग्रुपवर बदनाम व्हायला एक संध्याकाळ पुरते.

तोडफोड झाली तर रिसॉर्टकडून फोटो आणि बिल मागवा, मग ते भाडेकरूला पाठवा, आणि त्याचं म्हणणं ऐका. काही वेळा काच आधीच तडकलेली असते. म्हणून मी भाडेकरूलाच सांगतो की आत शिरल्याशिरल्या रूमचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून मला पाठवा, बाथरूम आणि टीव्ही धरून. त्याचंही संरक्षण, तुमचंही.

रूम आवडली नाही, वास येतो, व्ह्यू नाही, पैसे परत द्या, हा प्रकार तर हमखास. इथं फरक करायला शिका. एसी बंद, गरम पाणी नाही, हे खरं दुखणं : भाडेकरूने आधी रिसेप्शनला सांगायचं, रूम बदलून मागायची, तुम्ही मेंबर म्हणून मागून फोन करायचा, कारण मेंबरचा आवाज तिथं जास्त चालतो. तरी नाही झालं तर एका रात्रीचे पैसे सोडून द्या आणि क्लबकडे लेखी तक्रार टाका. पण "फोटोत दरी दिसत होती आणि खिडकीतून पार्किंग दिसतंय" यावर पैसे परत नाहीत, फक्त तुम्ही जाहिरातीत व्हॅली व्ह्यू लिहिलेलं नसावं. लिहिलं असेल तर भोगा.

शेवटच्या क्षणी रद्द करणारे असतात, आणि त्यात खरी कारणंही असतात. घरात कुणी गेलं, ॲडमिट झालं, तिथं अटीवर बोट ठेवून बसू नये असं माझं मत. रूम ग्रुपवर निम्म्या भावात टाका, जे येईल ते त्यांना परत द्या. आणि ज्याला फक्त दुसरीकडे स्वस्त मिळालं म्हणून रद्द करायचंय, त्याला अट दाखवा.

आपली रूम तोच माणूस दुप्पट भावाने पुढे विकताना दिसला तर वाट बघू नका, नाव टाकलेलं नसेल तर टाकू नका, टाकलं असेल तर क्लबला कळवून बदलून घ्या आणि पैसे अटीप्रमाणे परत करा. रूममध्ये मारामारी वगैरे झाली तर ते रिसॉर्टचं आणि ११२ चं काम, तुम्ही नाशकातून फोनवर न्यायनिवाडा करायला जाऊ नका.

पैसे बुडवलेच कुणी, तर आधी लेखी मागणी, मग वकिलाची नोटीस. वसुलीचा दावा लावायला साधारण तीन वर्षं असतात, पण चार-पाच हजारांसाठी नाशिक कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात अर्थ नाही, नोटिशीचा खर्चच तेवढा. डिपॉझिट घ्यायचं ते याचसाठी.

टॅक्सचं एक राहिलं. हे भाडं उत्पन्नच आहे, रिटर्नमध्ये दाखवायचं, भरलेल्या मेंटेनन्सची पावती जपून ठेवून सीएला दाखवा, त्यातलं किती वजा होतं ते तो बघेल. पैसे रोखीत घेण्यापेक्षा खात्यावर घ्या, आणि घेताना रिमार्कमध्ये रिसॉर्टचं नाव आणि तारीख टाकायला लावा, मार्चमध्ये शोधाशोध होत नाही.